झोप आणणारं सॉफ्टवेअर

आमच्या दुकानातून गादी घ्यायची तर आधी तिच्यावर आडवं व्हावं लागतं. नुसती हाताने दाबून बघणाऱ्याला आमचे हे गादी देतच नाहीत. गिऱ्हाईक आडवं झालं की हे गुडघ्यांवर बसून त्याचा कणा निरखतात आणि मी गल्ल्यावरून गप्पा मारते. कुशीवर झोपता का, रात्री कितीदा उठता, शेजारी कोणी घोरतं का, हे सगळं मी बोलता बोलता काढून घेते. ह्यांच्या तोंडून दिवसभरात चार शब्द बाहेर पडले तर खूप. झोप लागली की गादी पास, हा ह्यांचा एकमेव कायदा.

गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा सूनबाई म्हणाली, आपल्या वेबसाइटवर ब्लॉग हवा. लोक हल्ली आधी वाचतात, मग दुकानात येतात. ह्यांना ते एकदम पटलं.

"म्हणजे लोकांना सगळं तिथेच कळेल," हे मला म्हणाले. "तुझे गुडघे दुखतात. तू आता घरी आराम कर."

जन्म गेला माझा त्या गल्ल्यावर, आणि माझी जागा घेणार कोण, तर ब्लॉग लिहायचं एक सॉफ्टवेअर. मला फार लागलं ते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी माझं म्हणणं व्यवस्थित मांडलं.

आता प्रश्न होता कुठलं घ्यायचं. सूनबाईने तीन निवडून आणली आणि प्रत्येकाचे गुणदोष समजावले. ह्यांनी मान डोलावली, लॅपटॉप उचलला आणि दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या गादीवर आडवे झाले. पहिल्यात इतकी बटणं होती की हे दर दोन मिनिटांनी उठून बसायचे. ते नापास. दुसरं फुकट होतं, पण आपल्या लेखाखाली जाहिराती यायच्या आणि पहिलीच जाहिरात निघाली चौकातल्या दुसऱ्या गादीवाल्याची. ह्यांची झोपच उडाली. तिसऱ्यात नुसतं एक कोरं पान आणि एक बटण. हे 'गादीची जाडी : काही विचार' लिहायला लागले आणि तिसऱ्या ओळीवर घोरायला लागले.

जागे झाल्यावर म्हणाले, "हेच घ्यायचं."

बाबा, ब्लॉग वाचताना माणूस जागा राहायला हवा, असं सूनबाईने सांगून पाहिलं. गादीच्या दुकानात कशाला, असं ह्यांनी विचारलं.

ब्लॉग सुरू झाला आणि मी घरी बसले. शेजारणीला ती कुशीवर झोपते का हे दोनदा विचारून झालं. बोलावल्याशिवाय दुकानाकडे फिरकायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते पाळणं सोपं जात होतं, कारण कोणी बोलावतच नव्हतं.

एके दुपारी, भर धंद्याच्या वेळी, हे लॅपटॉप छातीशी धरून घरी आले. लेखाखाली एका मुलीने विचारलं होतं की आई गेल्यापासून बाबांना झोप लागत नाही, तर त्यांच्यासाठी कोणती गादी घ्यावी. ह्यांनी उत्तर लिहून ठेवलं होतं : सहा इंच, मध्यम कडक. पण पाठवायचं बटण काही दाबवलं नव्हतं. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून हे नुसते उभे राहिले.

मी ह्यांचे सहा इंच पुसले आणि एका बोटाने लिहिलं, 'गादी इतक्यात बदलू नका. आई कुठल्या बाजूला झोपायच्या? बाबांना आता त्या बाजूला झोपून बघायला सांगा. जमलं तर त्यांना दुकानात घेऊन या. काही विकत घ्यायला नको, नुसतं बसू.'

ह्यांनी ते दोनदा वाचलं.

"सॉफ्टवेअर चांगलं आहे," हे म्हणाले, "पण ते कुणाला काही विचारत नाही. आणि मला विचारता येत नाही. तू उद्यापासून ये. गुडघ्याखाली घ्यायला उशी मी शिवतो."

एवढं सलग बोलणं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"उद्यापासून कशाला," मी म्हटलं. "आत्ता दुकानात कोण आहे?"

कोणीच नव्हतं. दुकान सताड उघडं टाकून हे आले होते. मी पायात चपला सरकवल्या.