मधली चित्रं

मधुकर गेल्याचा फोन आर्वीच्या माझ्या दुकानात आला, तेव्हा समोर एक टीव्ही उघडून ठेवला होता. त्याच्या मुलीने "काका, बाबा गेले" एवढंच म्हटलं. मी पेचकस खाली ठेवला. बातमी अनपेक्षित नव्हती... पण आज महिना उलटला तरी गिऱ्हाईक "चित्र अडखळते" म्हणालं की माझा पेचकस अर्ध्यावर थांबतो.

मधुकर रोहण्याचा. आठवीपासून आम्ही एका बाकावरचे. पुढे तो गावच्याच शाळेत चित्रकला शिकवू लागला आणि मी टीव्ही दुरुस्तीत शिरलो. त्याची नजर अशी, की भिंतीवरची तसबीर बोटभर कलली तरी जेवताना उठून सरळ करायचा. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या भाच्याने लग्नाची डीव्हीडी पाठवली. घरचे सगळे कौतुकाने बघत होते, याला मात्र नवरी दचके खात चाललेली दिसे. मी गेलो. तक्रार खरी होती. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात, तिकडच्या तबकडीत तीस. प्लेअर आपल्या ‘पाल’ पद्धतीवर अडकवलेला असल्याने जास्तीची चित्रं मधूनमधून गाळत होता. टीव्ही दोन्ही पद्धती घेणारा होता, म्हणून मी सेटिंग ‘ऑटो’वर केलं आणि नवरी सरळ चालू लागली. "घरात तुमालेच कसं दिसते सारं," शोभावहिनी त्याला म्हणाल्या.

म्हणूनच गेल्या दिवाळीत त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो. "सुधाकर, आता केबलवरची मॅचही अडखळून राह्यली. बॅट वर दिसते, मंग एकदम खाली. मधली बॅट जाते कुठं?" मी जाऊन पाहिलं. मला चित्र स्वच्छ दिसत होतं. केबलसाठी बदलण्यासारखं काही नव्हतंच, तरी मेनू उघडून इकडचं तिकडं केलं. "आता?" तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "हो... बरं वाटते." माझं मन राखायला म्हणाला, हे तेव्हाही कळलं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. या वेळी मी वैतागलो. "खोट टीव्हीत नाई गड्या, तुह्या डोयात आहे." तो हसला. मीही हसलो आणि फोन ठेवला.

संक्रांतीला त्याच्याकडे गेलो. केटलीतून चहा त्यानेच ओतायला घेतला. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून माझ्या पँटवर आला, तरी त्याचा हात थांबेना. शेवटी वहिनींनी मनगट धरलं.

"काऊन रे?" मी विचारलं.

तो कपाकडेच बघत होता. "धार थिजल्यावानी दिसते मले. कप रिकामा होता... आता भरला आहे. मधलं काईच नाई." जरा थांबून म्हणाला, "परवा रस्ता ओलांडत होतो. ट्रक दूर होता. मंग एकदम अंगावर."

टीव्ही बंद होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला वर मान करवली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला वर्ध्याला नेलं. डोळे चांगले निघाले. गाठ मेंदूत होती, मागच्या बाजूला, जिथे हालचाल उमगते त्याच जागी. दोन महिने आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. काही फरक पडला नसता, एवढं जरी म्हणाले असते... ऑपरेशन झालं, तो घरी आला, आणि पावसाळा संपायच्या आत गेला.

गेल्या रविवारी रोहण्याला गेलो होतो. मी आणि वहिनी, दोघंच बैठकीत. पाणी आणायला उठताना त्या म्हणाल्या, "मी उठली... दाराशी आली... सैपाकघरात चालली." मी आजूबाजूला पाहिलं. शेवटी शेवटी मधुकरला त्या खुर्चीवर दिसायच्या आणि पुढच्या क्षणी एकदम समोर, अंगाशी. तो दचकायचा, कधी ओरडायचा. म्हणून त्या घरात बोलत चालू लागल्या होत्या.

"सवय लागली भाऊजी," त्या आतूनच म्हणाल्या. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. मग पुन्हा त्यांचा, अगदी हळू... "येऊन राह्यली... दारात आहो... आली."