डिपिंगचा व्हिडिओ

"आलंय तसं पुढे पाठवलं," हे आमच्या कॉलनीतल्या काकांचं पालुपद. बोट जिभेला लावून ते मोबाइलचा स्क्रीन वर सरकवायचे. मग कॉलनीच्या ग्रुपवर आधी गुलाबाचं फूल नि सुप्रभात यायचं आणि मागोमाग मुसलमानांविषयी काहीतरी विष. जाब विचारला की हे पालुपद. असा एखादा तुमच्याही ग्रुपवर असेलच. आमचा जरा जास्तच पोचलेला होता.

महापालिकेच्या निवडणुकीला त्यांचा पुतण्या उभा होता. तेव्हा काकांनी एक व्हिडिओ टाकला. टोपीवाला माणूस वेलीवरचे हिरवे द्राक्षघड मगातल्या पाण्यात बुडवतोय, आणि खाली लिहिलेलं, 'बघा, हे लोक आपल्या खाण्यात काय कालवतात.'

मणी फुगायला घड औषधात बुडवतात, हे बागाईतलं शेंबडं पोरही सांगेल. काकांची तर दिंडोरीकडे स्वतःची बाग. मी त्यांना गाठलं.

"काका, हे डिपिंग आहे. तुमच्याच बागेत दरवर्षी होतं."

"मला ठाऊक नाही होय? पण मतदार काय सगळेच बागायतदार असतात?" आणि ते हसले.

अडाणी असते तर कीव केली असती. हा माणूस जाणूनबुजून खोटं पेरत होता. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

काही दिवसांनी सलीमभाई त्यांच्या दारात आला. काकांच्या बागेत घड बुडवायला वर्षानुवर्षं त्याचीच टोळी. मी तेव्हा तिथेच होतो.

"भाऊ, बाकीचे बागवाले येऊ नको म्हणत्यात. व्यापारी माल उचलणार नाय म्हणे. टोळीतल्या बायांनी कुठं जायचं? ते औषध हाय, एवढं ग्रुपवर लिहा ना."

"लिहू की. इलेक्शन होऊन जाऊ दे." काकांनी मोबाइल खिशात टाकला. "माझे घड बुडवायला आलेत, उद्या टोळी घेऊन ये. टोपी मात्र घरी ठेव. कोणी फोटो काढला तर पंचाईत."

सलीमभाई "येतो" म्हणाला.

पुतण्या निवडून आला. काका आता गंगापूर रोडला बंगल्यात राहायला गेलेत. ग्रुप सोडताना त्यांनी हात जोडलेला भलामोठा निरोप टाकला. त्यात सगळ्यांचे आभार होते, डिपिंगबद्दल अवाक्षर नव्हतं.

परवा दिंडोरीला जाताना त्यांच्या बागेपाशी थांबलो. भर उन्हात, उघड्या डोक्याने, सलीमभाई एकेक घड मगात बुडवत होता. मी हाक मारली. त्याने आधी माझ्या हातात मोबाइल आहे का ते पाहिलं.