उजवा कौल

नॉर्वेतल्या त्या छोट्या बंदरात आमची क्रूझ बोट त्या मोसमात चौथ्यांदा लागली आणि पहिल्यांदाच तिथे ऊन पडलं होतं. आधीच्या तिन्ही वेळा नुसतं धुकं. डोंगर आहे म्हणतात म्हणून आहे म्हणायचं. त्या दिवशी मात्र पाण्याला लागून लाल-पिवळी लाकडी घरं, मागे डोंगर, माथ्यावर बर्फ, सगळं लख्ख. आमचे प्रवासी आइस्क्रीम खात बाकांवर पसरले होते. उन्हाचं एवढं कौतुक गोव्यातल्या मांद्र्याच्या माणसाला कळायचं नाही.

मी बोटीवर पाव भाजतो. जन्मभर दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाट बघितली आणि शेवटी पोदेर घरातच निघाला, असं बाबा चिडवायचे. बर्फाचा डोंगर दाखव, असा त्यांनी मागे हट्ट धरला होता. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, पण मोबाईल नाकाला लावून बघेन म्हणाले होते. आठवडाभर बोलणं झालं नव्हतं, भाऊ मेसेजवर ‘सगळं बरं’ एवढंच लिहायचा. दोन तासांची सुटी मिळताच मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथे फुकट वायफाय होतं.

निघण्याआधी घरात वाद झाला होता. बाबांचं हृदय थकलेलं, चार पावलांत धाप लागायची. आई म्हणत होती, या वर्षी जाऊ नको. मी हट्टाला पेटलो होतो. शेवटी बाबा म्हणाले, राखणदाराला विचारू. आमच्या कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, बांधावर या राखण करणाऱ्या देवाचा पाषाण आहे. पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. वाड्यावरच्या सगळ्यांचे कौल बाबाच लावत. पण आता त्यांना दिसत नव्हतं म्हणून कुठची पडली ते मी बघायचं होतं.

डावी पडली. मी उजवी म्हणून सांगितलं. मला जायचं होतं, दुसरं काही कारण नाही. देवासमोर खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात, माझी अडखळली नाही. पाषाणावर राहिलेली पाकळी बाबांनीच चाचपून काढली, कपाळाला लावली आणि घरी चला म्हणाले.

फोन आईने उचलला. मी कॅमेरा डोंगराकडे धरून बाबांना बोलाव म्हटलं. ती म्हणाली, “बाबा गेले रे पुता. चार दीस झाले.”

कोणी कळवलं का नाही, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. अशा वेळीसुद्धा मला रागच आधी येतो. मधल्या दर्यातून मी कसा येणार होतो, असं ती म्हणाली. अग्नी भावाने दिला होता. मग मला राहवेना. मी तिला कौलाचं खरं सांगून टाकलं.

आई म्हणाली, “तेंका म्हायत हुता. उरलली पाकळी उजवेकडची, हाताक लागली मां. तेका जावचा आसा तर जावंदे, म्हणाले.”

एक जोडपं फोटो काढून द्या म्हणत माझ्यासमोर उभं राहिलं. मी काढून दिला. डोंगर छान आला होता.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि मी पाया पडायला वाकलो, तेव्हा बाबांनी खांदा धरून विचारलं होतं, “कौल उजवोच मां रे?” म्हातारपणी विसरतात, असं वाटून मी हसून हो म्हटलं. त्यांनी खांदा सोडला नाही. पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं, मग त्यांनी हात काढून घेतला.