माऊस गिऱ्हाइकाच्या हातात

अकोल्यात आमच्याकडे संगणक दुरुस्तीला येणारा माणूस गिऱ्हाइकाच्या माऊसला कधी हात लावत नाही. हात मागे बांधून खुर्चीमागे उभा राहतो आणि नुसता सांगत जातो. कुणी कुरकुरलं तर म्हणतो, "मी करून देलं तं उद्या परत मलेच बलावसान."

पत्नीच्या तेरवीनंतर मी त्याला बोलावलं. ती दवाखान्यात गेल्यापासून मी संगणक बंदच केला नव्हता. पडद्यावर तिने बहिणीला लिहायला घेतलेलं पत्र अर्धवट उघडं होतं, आणि आता यूपीएसची बॅटरी निकामी होत आली होती.

"हे सेव्ह नाई केलेलं काका. लाईन गेली तं पत्र गेलं."

"तूच कर. मला नाही जमणार."

"जमते. बाण हळू न्या."

त्याने हात मागेच ठेवले. मी बाण नेला, बटण दाबलं. एक लहान खिडकी उघडली; पत्राला नाव द्यायचं होतं. मी थांबलो. तो यूपीएसची वायर तपासायला खाली बसला. मी पत्नीचं नाव एकेक अक्षर करून लिहिलं.

"झालं?" त्याने वर न पाहता विचारलं.

"झालं."

"मंग आता बिनधास्त बंद करा."

मी तिचं पत्र माझ्या हाताने मिटलं.