पिराजीचं सोवळं

"नुसतं शुद्ध असून कुणाचं काम झालंय, अक्का? मिसळ पाहिजेच. पण मोजून."

पिराजी हे दिवसातून दहादा म्हणायचा, आणि चाचणीच्या टेबलावर बसणारी अनुसूया ते दहाही वेळा ऐकून घ्यायची. एकोणीसशे चौसष्टचं साल. कानडी मुलखात, यशवंतपूरच्या पलीकडे, निलगिरीच्या झाडांमागे, रेडिओतले ट्रान्झिस्टर करण्याचा कारखाना होता. तिथे पिराजी जर्मेनियमच्या चकत्या धुवायचा. माणूस चिकोडीकडच्या खेड्यातला, शाळा चौथीपर्यंत; म्हणून तो धुणारा. कारखान्याचे साहेब शेषगिरीराव परदेशात सहा आठवडे राहून आले होते, त्यातले चार थंडीमुळे पांघरुणात गेले. म्हणून ते तज्ज्ञ.

जर्मेनियम दिसायला करडं, चकचकीत. नव्या मुलींना पिराजी सांगायचा, "ह्याच्या कणाला चार हात. चारी हातांनी शेजाऱ्यांना धरून उभा. वीज पुढं न्यायला मोकळा हात कुणाचाच न्हाई. मग कोटीत एखादा अँटिमनीचा कण घालायचा. त्याला हात पाच. पाचवा मोकळा, तो वीज नेतो. इंडियमला हात तीनच. तिथं एक जागा रिकामी ऱ्हाती, ती भरायला शेजारी सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी. वीज दोन्हीनं चालती, पण तऱ्हा उलटी." हेच शेषगिरीराव फळ्यावर दोन तास सांगत. मग मुली समजून घ्यायला पिराजीकडे येत.

त्याच्या खोलीचं सोवळं एखाद्या मठालाही झेपलं नसतं. चपला बाहेर, केस टोपीत, पाणी दोनदा उकळून वाफेचं धरलेलं. तांब्याची अंगठी घालून आलेल्या शिपायाला त्याने दारातून परत पाठवलं होतं. "तांबं लई चावट. भट्टीत तापलं की चकतीत घुसतं आन् अँटिमनीचं केलेलं सगळं उलटवतं."

आणि मग दसऱ्याची आयुधपूजा आली, यंत्रं-हत्यारं पुजायचा दिवस. बाहेर यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या, दारात कुंकू भरून कोहळा फुटला. शेषगिरीराव रेशमी धोतर नेसून थेट धुण्याच्या खोलीशी आले. हातात वडिलोपार्जित तांब्याची पंचपात्री, आत रात्रभर ठेवलेलं तीर्थ.

पिराजी दारात आडवा झाला. "साहेब, भट्टीला हितनंच नमस्कार करा. तांब्यातलं पाणी आत नको."

"काय रे, देवाच्या पाण्याचा तुला विटाळ?"

"मला न्हाई साहेब, चकतीला हाय."

"स्वल्प बाजूला हो. तिकडे परदेशात असली पूजा नाही, म्हणून त्यांचा एवढा माल फुकट जातो."

तीर्थ शिंपडलं गेलं. भट्टीवर, भिंतीवर, आणि ताटात वाळत घातलेल्या तीनशे चकत्यांवर. तेवढ्यात पिराजीने त्याच धुण्यातल्या बारा चकत्यांची काचेची डबी झाकली, ते अनुसूयेने पाहिलं. साहेब प्रसाद वाटायला गेले. परत धुवू का, असं पिराजीने विचारलं, तर उत्तर आलं, "तीर्थ धुतात का रे कुठे?" आणि ताट तसंच भट्टीत गेलं.

तिसऱ्या दिवशी अनुसूयेने चकत्या तपासल्या. तापलेलं टोक चकतीला लावायचं. अँटिमनी घातलेली असली की मीटरची सुई उजवीकडे झुकते. सुई डावीकडे गेली. दुसरी चकती, डावीकडे. तीनशेच्या तीनशे डावीकडे.

संध्याकाळी कागद तयार होता: धुण्यात हलगर्जी झाली. पिराजीने सही केली तर ताकीद, नाही केली तर घरी. साहेबांनी पेनसुद्धा स्वतःचं पुढे केलं. मन मोठं होतं त्यांचं.

"एकच मागतो," पिराजी म्हणाला. "माझ्या झाकलेल्या बारा चकत्या त्याच भट्टीत, तेवढ्याच तापवा. अक्का टोक लावतील."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या समोर अनुसूयेने टोक लावलं. सुई सरकली. उजवीकडे. बाराही.

"पिराजीअण्णा धुण्यात चुकले नाहीत, सर," ती म्हणाली.

शेषगिरीरावांनी सुईकडे नीट पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. "सरी, ठीक आहे. म्हणजे याला धुता येतं. मग त्या दिवशी का नाही नीट धुतलं?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ पिराजी, कागदावर पूजेचं नाव घालता येत नाही. तुझं येतं. कर सही."

पिराजीने पेन हातात घेतलं, टोपण लावलं आणि परत ठेवलं. "साहेब, चुका मोजूनच घ्याव्या. ही माझ्या वाटची न्हाई."

त्याने पांढरा कोट काढला, घडी घालून खुंटीवर ठेवला. दाराबाहेर वाकून चपला घातल्या. मग निलगिरीच्या झाडांखालून स्टेशनकडे चालू लागला, धुतलेल्या चकत्यांचं ताट नेताना चालायचा तसा, सावकाश, धक्का न लागता.

साहेब तोवर नवा धुणारा मागवायची चिठ्ठी लिहीत होते. काचेतून पाहत होती ती एकटी अनुसूया. हातातलं टोक केव्हाच गार झालं होतं, आणि तो झाडांत दिसेनासा होईपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही.