डबा कुठं बांधायचा

नातीच्या खांद्यावरची कातडी सोलून निघाली आणि त्यात माझी छत्तीस वर्षांची लबाडी उघडी पडली.

नात सहा वर्षांची. आम्ही गारखेड्यात राहतो, मी, मुलगा, सून आणि ती. मुलगा सकाळी शेंद्र्याला कंपनीत जातो तो संध्याकाळी येतो. शांत माणूस आहे, भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाही. पण घरात त्याचा एक कायदा होता : पोरीला पाण्यात घालायचं नाही. शाळेच्या सहलीच्या कागदावर तलाव, धबधबा असा शब्द दिसला की सही बंद. कारणही तो एकच सांगायचा. "मी लहानपणी गावी, आपल्याच विहिरीत पडलो होतो. आईचं ऐकलं नव्हतं. मला माहितीय पाणी काय असतं ते."

तो असं म्हणाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची. तिथं काही ना काही काम निघतंच.

यंदा उन्हाळ्यात कॉलनीतली सगळी पोरं पोहायच्या तलावावर जाऊ लागली. नात दिवाणावर पालथी पडून हातपाय मारायची. शेवटी सूनच एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "आई, मी फॉर्म भरते. न्यायचं-आणायचं तुम्ही बघा. ह्यांना पोहायला आल्यावर सांगू."

असली चोरटी कामं मला या वयातही फार आवडतात. शिवाय माझं स्वतःचं एक कारण होतं. मी लगेच हो म्हणाले.

तलावावर शिकवणारी मुलगी पंचविशीतली, गळ्यात शिट्टी. सगळे तिला मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं पोरांना बाजूला बसवलं आणि आधी आम्हा मोठ्यांचीच शाळा घेतली. "मोबाइल पिशवीत टाका. पोर बुडताना ओरडत नाही. हात हलवून बोलवत नाही. गुपचूप खाली जातं. मी शिकवते, तरी तुमचे डोळे तुमच्या पोरावर पाहिजेत."

बाकीच्या आया माना डोलवत होत्या. एकीनं विचारलं, "ओरडत कसं नाही हो?" मॅडम म्हणाली, "श्वास घ्यायलाच तोंड वर येत नाही, ओरडणार कुठून?" मला खुर्ची हवी होती. मी काठावरच बसले.

मग ती उन्हाबद्दल बोलली. चारची बॅच, मे महिना, आपल्याकडचं ऊन. पूर्ण बाह्यांचा पोशाख घाला, उतरायच्या आधी वीस मिनिटं क्रीम लावा, बाहेर आल्यावर पुन्हा लावा, मधे पाणी पाजा. इथं मात्र माझ्यातली जुनी शहाणी जागी झाली. पाण्यात कसलं आलंय ऊन? गार पाण्यात पोर बसलंय आणि म्हणे पोळेल! उन्हाशी माझं भांडण आयुष्यभर एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे रंग. लग्नाआधी मी कॉलेजात छत्री घेऊन जायची, सायकलवर सुद्धा. एका हातात हँडल, एका हातात छत्री. दोनदा नाल्यात पडले, पण गोरी पडले. बेसन, हळद, साय, काय काय थापलं तोंडाला. कातडी जळते हे तेव्हाही माझ्या डोक्यात नव्हतं आणि आताही नव्हतं. म्हणून मी नातीच्या फक्त तोंडाला क्रीम लावलं.

आणि पोशाखाचं म्हणाल तर सुनेनं आणलेल्या त्या लांब बाह्या तिला टोचायच्या. ती रडकुंडीला आली. मला बघवेना. मी दुकानात जाऊन खांदे उघडे असलेला, झालरीचा, गुलाबी पोशाख घेऊन आले. "आमच्या आजीला कळतं," नात म्हणाली. मी फुशारले.

चौथ्या दिवशी मुलगा कंपनीतून आला, बूट काढले आणि रोजच्यासारखं तिला खांद्याला धरून उचललं. ती किंचाळली. तिचा फ्रॉक खाली सरकवून बघतो तर दोन्ही खांदे लालबुंद, एका ठिकाणी फोड आलेले.

"काय झालं हे?"

"पप्पा, मला पाण्यात बुडबुडे सोडता येतात," नात रडता रडता अभिमानानं म्हणाली.

सून आणि मी एकमेकींकडे बघितलं. सगळं निघालं बाहेर. तो ओरडला नाही, त्यानं ओरडलेलं परवडलं असतं. तिच्या खांद्यावर गार पाण्याचा कपडा ठेवत हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून बंद. आई, तुला तर माहीत होतं. तू तर बघितलंय मला पडताना. मी तुझं ऐकलं नाही म्हणून मरत होतो. हिनंही तेच करायचं का?"

आता तो दिवस सांगते. त्याला सांगितला तसाच.

माझं माहेर शहरातलं, वडील कचेरीत. मी बी.ए. आणि सासर गंगापूरकडचं, शेतकऱ्याचं. नवऱ्याची नोकरी इथं शहरात होती, त्यामुळं सासरी जाणं सुट्टीपुरतं. तिथं मी पाहुणीसारखी मिरवायची. सासूबाईंना सही येत नव्हती, अंगठा उठवायच्या. मी मनातल्या मनात त्यांना किती खाली बसवलं होतं, ते आठवलं की आजही माझीच मला किळस येते. त्यांनी गोधडीला टाका घातला तरी मला वाटायचं, मी असते तर सरळ घातला असता. मला सुई धरता येत नव्हती, हा भाग वेगळा.

मे महिन्यात गावची पोरं विहिरीत पोहायला शिकायची. मोठी माणसं पाठीला रिकामा डबा बांधून देत, पाच लिटरचा गोडेतेलाचा, झाकण घट्ट लावलेला. थोडे दिवस डब्यावर, मग डबा सोडून. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला शिकवायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बजावलं होतं, "डबा काखंखाली घट्ट बांधायचा, पाठीच्या वरच्या अंगाला. कमरंला नाय. कमरंला बांधला की ढुंगण वर अन् मुंडकं खाली."

मी ऐकून सोडून दिलं.

पोरं सकाळी पोहायची, तेव्हा विहिरीवर गावातले पुरुष असत. सुनेनं तिथं जाऊन उभं राहायची रीत नव्हती. मला तर माझा मुलगा पोहताना बघायचा होता. शहरात जाऊन सांगायचं होतं ना, आमच्या ह्याला पोहता येतं! म्हणून मी भर दुपारची वेळ धरली. जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. मी, तो आणि तो पिवळा डबा, असे विहिरीवर गेलो.

दोरी काखेखालून घेतली तर तो म्हणाला, "आई, काचतंय." काथ्याची दोरी, त्याचं कोवळं अंग. लाल वळ उठले होते. मला बघवेना. मी दोरी सोडली आणि डबा खाली, चड्डीवरून कमरेला बांधला, म्हणजे काचणार नाही. गाठ सुद्धा फुलासारखी मारली. बी.ए. होते मी.

पायरीवरून तो म्हणाला, "आई, बघ हं!"

आणि मी मागे वळून पायवाटेकडे बघत होते. कोणी येतंय का, डोक्यावर पदर नाही, कोण काय म्हणेल.

वळले तेव्हा पिवळा डबा पाण्यावर तरंगत होता. त्याच्याखाली लेकराचे पाय आणि लाल चड्डी दिसत होती. बाकीचं पाण्याखाली. पाणी जवळजवळ हलत नव्हतं. काही ऐकू आलं नाही. मीही ओरडले नाही. मला वाटायचं, संकटात बाई किंचाळते. तोंड उघडं राहिलं आणि आतून काही आलंच नाही. मी पायरीवर तशीच उभी राहिले.

सासूबाई पलीकडं चिंचेखाली शेंगा निवडत होत्या, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या बाजूनं काहीतरी गेलं. लुगड्यासकट त्यांनी उडी टाकली. त्यांनी त्याला उलटा केला, हनुवटी वर धरली आणि एका हातानं पाणी कापत पायरीशी आणलं. आठ वर्षं मी त्यांच्याच घरात सून होते आणि त्यांना पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं माहेर गोदेकाठचं. सहा-सात वर्षांच्या असताना पाठीला वाळका भोपळा बांधून त्या शिकल्या होत्या. कधी कोणी विचारलं नाही, म्हणून कधी सांगितलं नाही.

तो खोकला, ओकला, मग रडला. तो रडल्यावर मी रडले.

सासूबाईंनी पहिल्यांदा कमरेची गाठ सोडली. गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वरडायचं तरी व्हतं गं," एवढंच म्हणाल्या.

घरातली माणसं पळत आली तेव्हा त्यांनीच आधी तोंड उघडलं. "पोरगं पळत गेलं अन् पायरीवरून घसरलं. आई नको नको म्हणत व्हती." डबा त्यांनी कधी शेंगांच्या पाटीखाली सारला ते मलाही दिसलं नाही.

ती माझ्यावर घातलेली मायेची चादर होती. मी ती अंगावरून काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "आण त्याला. मी उतरते संगं. आज उतरला न्हाय तर लई वर्सं उतरणार न्हाय." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय? आणि पहिल्या एसटीनं मुलाला घेऊन शहरात आले. त्यानंतर सुट्टीत गेलो तरी विहिरीकडे जायची त्याला बंदी. त्या वारल्या तोवर दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारायच्या, "शिकलं का गं पोरगं?" मी म्हणायची, वेळच मिळत नाही.

आणि मुलगा म्हणत राहिला, मी आईचं ऐकलं नाही. सहा वर्षांच्या पोरानं ते खरं मानलं आणि बेचाळिशीपर्यंत वागवलं.

हे सगळं मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं. तो नातीच्या खांद्यावर कपडा बदलत होता. मधे एकदाही त्यानं मला थांबवलं नाही. मी म्हटलं, "तू घसरला नव्हतास. मी डबा चुकीचा बांधला आणि मी बघत नव्हते. परवा हिच्या बाह्या टोचल्या आणि मी परत तेच केलं. दोन्ही वेळा चूक माझी होती. पाण्याला दोष देऊ नकोस, आणि तुलाही देऊ नकोस."

त्यानं कपडा पिळून परत तिच्या खांद्यावर ठेवला. मग विचारलं, "आज्जीला माहीत होतं?"

"त्यांनीच मला झाकलं."

"डबा पिवळा होता ना?" तो म्हणाला. "मला पिवळं काहीतरी आठवतं. मला वाटायचं, ऊन असेल."

दोन दिवस तो माझ्याशी मोजकंच बोलला. चहा झाला का, गोळी घेतली का, एवढंच. ते मला मिळायलाच हवं होतं. सुनेनं डॉक्टरांना दाखवून नातीच्या खांद्यांना मलम आणलं. खांदे भरून येईपर्यंत पोहणं बंद.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मी खोलीतून बाहेर आले तर नात आरशासमोर उभी आणि हा तिच्या मानेला, कानांच्या मागं, पायांच्या पोटऱ्यांना क्रीम चोळतोय. कंपनीत नटबोल्ट आवळणारे ते हात, इतके हळू. लांब बाह्यांचा पोशाख तिच्या अंगावर. "टोचतंय," ती म्हणाली. "टोचू दे," तो म्हणाला. मग घड्याळाकडे बघून, "वीस मिनिटं थांबायचं. आता सकाळची सातची बॅच आहे, चारची नाही." माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तूही चल."

तलावावर मॅडमनं पोरींना पाठीवर तरंगायला लावलं. हात खाली होता तिचा, नातीच्या मानेखाली. मग तिनं तो हात हळूच काढून घेतला. नात तरंगली, पाच-सहा श्वास. मुलानं जाळीच्या कुंपणात बोटं अडकवली होती, ती पांढरी पडली होती. मी त्यांच्यावरून नजर काढली. मी फक्त तिच्याकडे बघत होते.

पुढच्या रविवारी त्यानंही नाव घातलं. मोठ्यांची शिकवणी त्याच वेळेला, उथळ बाजूला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पोट थोडं सुटलेलं, छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी कठड्याची नळी धरून. शिकवणाऱ्यानं सांगितलं, तोंड पाण्यात घाला, मनात पाच मोजा. त्यानं मान खाली नेली, परत वर आणली. परत नेली. पाण्याला नाक लागलं आणि थांबला.

मी आजवर देवळात सुद्धा इतक्या गंभीरपणे बसले नसेन. गुडघे दुखत होते, डास चावत होते, शेजारची बाई तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. मला काही ऐकायचं नव्हतं. पण जुनी खोड. नात दुसऱ्या टोकाला पाय मारत होती, तिच्याकडे माझी मान वळली.

तीच तिकडून ओरडली, भर तलावात, "आजी, माझ्याकडं मॅडम बघतायत! तू पप्पाकडं बघ!"

मी मान वळवली. त्यानं डोळे मिटले होते. त्याचं तोंड पाण्याखाली गेलं. मी मोजू लागले.