रुखवतातला कॉम्प्युटर

माझ्या भाचीच्या रुखवतात कॉम्प्युटर होता. अनारसे, कुरडया आणि लोकरीचा ससा यांच्या मधोमध काचेची ही भली मोठी पेटी, आणि तिच्यात जांभळे, हिरवे, लाल दिवे गरगर फिरतायत. बाया त्याच्यापुढं उभ्या राहून फोटो काढत होत्या. एक तर म्हणाली, "बाई वं, बँडनी गाडीसारखं शे!" मला शिसारी आली, आणि मी ती लपवलीही नाही. तेव्हापासून भावजय माझ्याशी तुटक बोलते. बोलू दे.

रुचिका कोरीट गावची, माझ्या भावाची, हेमकांतची मुलगी. मला फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. नंदुरबारला बियाण्यांच्या ऑफिसात नोकरी करते आणि घरी आली की गेम खेळते. मोबाइलवर बोट घासत बसायचे ते गेम नव्हेत. कानाला हेडफोन, इंदूर-सुरतच्या पोरापोरींची टोळी, आणि ही त्यांची कॅप्टन. जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावायची, तेव्हा कुठं तो तग धरायचा. ऐन मोक्याला बंद पडला की तिच्या तोंडून जे निघायचं ते मी इथं सांगत नाही.

लग्न जमलं तसे सगळे विचारायला लागले, आंदणात काय देऊ? पोरगी म्हणाली, कपाट नको, सोफा नको, कॉम्प्युटर द्या. पण पार्ट मी निवडणार.

मी म्हटलं, "एवढं काय गं निवडायचं? भारीतला भारी घे नि मोकळी हो."

"फुई, लगीननंतर माले दुसरा कोन लई दी?" ती म्हणाली. "हाऊ एकच. तो टिकाले पाहिजे."

खरंच होतं ते. आमच्यातल्या किती बायकांनी सासरी गेल्यावर स्वतःच्या आवडीची वस्तू मागून घेतली, सांगा बरं. मी तर पंखासुद्धा मागितला नाही कधी.

मग तिनं निवडायला घेतलं, आणि काय डोकं चालवलं पोरीनं! मदरबोर्ड असा की पुढं नवा प्रोसेसर आला तरी त्याच्यावरच बसावा. रॅमच्या जागा अर्ध्या मुद्दाम रिकाम्या, लागेल तशी भर घालायला. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा दांडगा, कारण आमच्याकडची लाइट कधी उसळी मारेल नेम नाही. गेमचं चित्र पळवतं ते ग्राफिक कार्ड मात्र मधलंच. "तेच सगळ्यात आधी म्हातारं होतं फुई, ते बदलायचंच असतं." आणि कॅबिनेट काळं, ठोकळ्यासारखं, पुढं धुता येईल अशी जाळी. ही जाळी कशाला, तर तिचं सासर मिरच्या वाळत घालतात त्या पथारीला लागून. घर बघायला गेलो तेव्हा दारातच आम्ही दोघी शिंकलो होतो. पंख्यांनी ती मिरचीची पूड आत ओढली तर कॉम्प्युटरचं काय होईल, हे तिनं तिथंच शिंकता शिंकता हेरलं होतं.

आणि मग मध्ये आले मामा. आमच्यात भाचीच्या लग्नात मामाचा आहेर मानाचा. नवनीतभाऊ मिशीवर हात फिरवत म्हणाले, कॉम्प्युटर माझ्याकडून. पोरीनं पार्टांची नावं पाठवली. हे सुरतेला गेले, दुकानदारानं दिवे लावून दाखवले, आणि हे भाळले. पार्टांची नावं राहिली मोबाइलात. घरी आली काचेची पेटी.

हळदीच्या दिवशी रुचिकानं पिवळ्या हातांनीच काच उघडली. मी शेजारी उभी होते. बोर्डावर पुढचं काही बसायची सोयच नाही, रॅमला रिकामी जागा नाही, पॉवर सप्लायवर धड कंपनीचं नावसुद्धा नाही. सगळ्यात एक कार्ड तेवढं कामाचं. वर पंखे अर्धा डझन, जाळी एकालाही नाही.

"मामा, पॅकिंग शे तोपर्यंत बदली लई या ना," ती म्हणाली. किती मऊ आवाजात म्हणाली!

"मामाना आहेर कोनी परत करस का?" मामांचं नाक लाल. "लोके काय म्हनतीन?"

भावजय अर्थातच आपल्या भावाच्या, नवनीतभाऊंच्या बाजूनं. हेमकांत चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला. मी म्हटलं, "नवनीतभाऊ, पोरीला दहा वर्षं वापरायची वस्तू पाहिजे होती, तुम्ही मांडवाची झालर आणलीत." मला गप्प केलं. लेकीची बाजू घेणाऱ्या नणंदेला लग्नघरात गप्पच करतात. किळस येते मला अशा मानापानाची, आजही येते.

सासरी पेटी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. पहिल्या संध्याकाळी लावली आणि पंख्यांनी पथारीवरची पूड आत ओढून सगळ्यांच्या तोंडावर फेकली. सासूबाई सरलाबाई खोकून खोकून लालबुंद. त्या दिवसापासून फर्मान निघालं, पाहुणे आले की तेवढ्यापुरते दिवे लावायचे, एरवी वर विणलेला रुमाल. काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. रुचिका खेळायला बसली की सासरे म्हणायचे, "वापरा का जुनं व्हई जास, बेटा." नवरा, भाग्येश, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "ऱ्हाऊ दे ना, नवं शे तोवर चांगलं दिसस."

ऐकलंत? न वापरता नवं ठेवायचं. जुनं होऊ नये म्हणून माझ्या पोरीनं किती डोकं लढवलं, आणि या शहाण्यांनी हा उपाय काढला. थू!

एका दुपारी रुचिका ऑफिसातून थेट माझ्याकडं आली. ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. मला वाटलं, सासूनं भाजी दिली. उघडलं तर त्या काचेच्या पेटीतलं ग्राफिक कार्ड. माझ्या मागच्या खोलीत तिनं पगारातून एकेक वस्तू आधीच आणून ठेवली होती: तो बोर्ड, तो दांडगा पॉवर सप्लाय, ते काळं ठोकळ्यासारखं कॅबिनेट. कार्ड बसवलं, बटण दाबलं. एक दिवा नाही, आवाज नाही. पडदा उजळला आणि पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता ऑफिस सुटलं की तासभर येते, खेळते, घरी जाते. घरी सांगते, फुईचे पाय दुखतात. माझे पाय ठणठणीत आहेत. स्वतःच्या आंदणातली वस्तू ओढणीखाली चोरून आणावी लागते, याचाच मला भयंकर संताप येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी आणायला नवनीतभाऊ निघाले, सोबत मी. सरलाबाईंनी पाहुणे बघून लगेच रुमाल काढला आणि बटण दाबलं. दिवे गरगर फिरायला लागले. पडद्याचं बटण कोणी दाबलं नाही, कोणी कधी दाबतही नव्हतं. काचेआड कार्डाच्या जागी हे मोठं भगदाड, त्याच्यावर जांभळा उजेड. सगळे तिकडंच बघत होते, दिसलं एकालाही नाही.

"दखा, अजून नवाना नवा!" मामा फुलले. "असाच दहा वरीस ऱ्हायना पाहिजे, रुचिका."

"ऱ्हाई मामा," ती म्हणाली. "याम्हा जुनं व्हवासारखं काहीच ऱ्हायनं नही."

मामांनी खुशीत तिची पाठ थोपटली आणि सगळ्यांना पेटीभोवती फोटोला उभं केलं. मीही उभी राहिले. तो फोटो भावजयीनं फ्रेम करून लावलाय, आणि त्यात माझं तोंड का वाकडं आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते.